दोनच बरोबर उत्तरं

१

लिफाफ्यावरची सही जुळत नव्हती.

कालिंदी औंढेकरांनी लिफाफा खिडकीपाशी नेला, चष्मा नाकावर नीट बसवला आणि पुन्हा पाहिलं. काल संध्याकाळी तो त्यांनीच चिकटवला होता आणि जोडावर सही केली होती, अर्धी झाकणावर, अर्धी पाकिटावर. आता सहीखालची रेघ जोडापाशी येऊन किंचित खाली घसरली होती. कुणीतरी लिफाफा उघडून परत चिकटवला होता. काम सफाईचं होतं, पण सही करणारी बाई त्याहून चिकट होती.

"मुकुंद सर, हा कुणीतरी उघडलाय," त्या म्हणाल्या.

मुकुंद सर औरंगाबादच्या त्या कॉलेजचे रसायनशास्त्राचे विभागप्रमुख. माणूस वाईट नाही. फक्त रागावल्याशिवाय त्यांना विचार सुरू करता येत नाही, आणि एकदा रागावले की तो पूर्ण करता येत नाही.

दोन हजार सोळाचा एप्रिल होता. लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं आणि औरंगाबादेत नव्या इमारतींचे मजले चढत होते, टँकर मात्र मिळत नव्हते. अशा दिवसांत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा नुकतीच आटोपली होती. कालिंदी मॅडम कन्नडच्या कॉलेजातून परीक्षक म्हणून आल्या होत्या. येताना एसटीत द्रावणाची बाटली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या द्रावणात क्लोराइड किती आहे, एवढंच मुलांनी शोधायचं. थोडं द्रावण घ्यायचं, डिस्टिल्ड वॉटर घालून खुणेपर्यंत पातळ करायचं, मग ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबानं सोडत राहायचं. पिवळ्यावर विटकरी झाक आली की थांबायचं आणि हिशेब मांडायचा. खरा आकडा एकट्या कालिंदी मॅडमना ठाऊक आणि या लिफाफ्यात बंद. लिफाफा मुकुंद सरांच्या केबिनमधल्या कपाटात.

मॅडमनी उत्तरं तपासली. अख्ख्या बॅचमध्ये फक्त दोघांचा आकडा बरोबर होता. बाकी सगळे चुकले होते. त्या दोघांतला एक हिमांशू, विद्यापीठात पहिला येणार म्हणून ज्याचं नाव आधीच घेतलं जात होतं. दुसरी राजनंदिनी वालतुरे, गंगापूरकडच्या खेड्यातली, हॉस्टेलवर राहणारी, मागच्या बाकावर बसणारी.

"हिमांशूचं बरोबर येणारच," मुकुंद सर म्हणाले. "पण ही?"

आणि मॅडम काही बोलायच्या आत ते व्हरांड्यात गेले. निकालाची वाट बघत सगळी बॅच तिथं उभी होती.

"राजनंदिनी वालतुरे! आत ये. चोरी केलीस ती गुमान कबूल कर."



२

मुलगी आत आली आणि दाराशीच थांबली. तिच्या हातात जवळजवळ रिकामी वॉश बॉटल, पाणी पिचकारायची नळीची बाटली, होती, ती खाली ठेवायचं भान तिला राहिलं नव्हतं.

प्रकरण साधं नव्हतं. परीक्षेतली चोरी सिद्ध झाली असती, तर दोन वर्षं तिला परीक्षेला बसता आलं नसतं. वाळूजच्या एका औषध कंपनीनं आपल्या तपासणी प्रयोगशाळेत तिला निवडलं होतं, जूनच्या निकालाच्या बोलीवर. निकाल गेला की नोकरी गेली, हॉस्टेलची खोली गेली, आणि चोर हे नाव तेवढं गावापर्यंत पोचलं असतं.

"काल संध्याकाळी तू माझ्या केबिनच्या मागं काय करत होतीस?" सरांनी विचारलं. "नाही म्हणू नकोस. स्टोअरच्या गोकुळनं पाहिलंय तुला. त्या बोळात खिडकी उघडते माझी."

"गेल्ते, सर."

"कशाला?"

तिनं बाटली दुसऱ्या हातात घेतली.

"आणि आज परीक्षा चालू असताना बाहेर गेलीस. तेही गोकुळनंच सांगितलं."

"बाटली धुवायला गेल्ते. घाण झाल्ती."

"बाहेरच्या बेसिनला आठ दिवसांत पाणी आलेलं नाही!" सरांनी टेबलावर हात आपटला. मुद्दा बिनतोड होता, त्यामुळे ते स्वतःवरच खूश झाले.

राजनंदिनीचा चेहरा उतरला. ती खोटं बोलत असेल तर फारच वाईट बोलत होती.

कालिंदी मॅडमनी खुर्ची पुढं ओढली. "बस इथं. मला भांडण नको. तू प्रयोग कसा केलास ते सांग, पहिल्यापासून."

पोरगी सांगायला लागली आणि आवाजातली थरथर हळूहळू गेली. ब्युरेट विसळलं, सिल्व्हर नायट्रेट भरलं, टोकातला बुडबुडा काढला. पिपेटनं द्रावण घेतलं. "मंग खुणेपर्यंत पाणी घातलं..." इथं मात्र ती अडखळली.

"कुठलं पाणी?" मॅडमनी विचारलं.

"पाणीच की, मॅडम."

"कुठलं, म्हटलं मी."

तिनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. सरांनी मॅडमकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. मॅडम मात्र तिच्या हातातल्या बाटलीकडे बघत होत्या. तळाशी अजून घोटभर पाणी होतं.

"ती बाटली इथं ठेव," त्या म्हणाल्या, "आणि हात लावू नकोस."

३

हिमांशू आला तो इस्त्रीच्या एप्रनमध्ये. नमस्कार केला, बस म्हटल्यावर बसला. असल्या मुलाकडे बघितलं की मास्तरांना आपल्या नोकरीचं सार्थक झालं असं वाटतं.

"काल संध्याकाळी कुठं होतास?"

"सरांच्या केबिनमध्ये. परीक्षेच्या याद्या टाइप करत होतो. सरांनीच बसवलं होतं."

"मीच बसवलं होतं," सर ताबडतोब म्हणाले. "मला ते कॉम्प्युटरचं जमत नाही. आणि मी मधे फक्त चहाला गेलो होतो."

"कपाटाची किल्ली?"

"माझ्या ड्रॉवरमध्ये. कुलूप मी स्वतः घातलं होतं, मॅडम. तुम्ही भलत्या दिशेला जाताय. हा पोरगा दोन वर्षं माझ्या घरी येतोय."

मॅडमनी वाद घातला नाही. त्यांनी हिमांशूलाही प्रयोग पहिल्यापासून सांगायला लावला. त्याने तो पुस्तकात छापल्यासारखा सांगितला.

"खुणेपर्यंत पाणी घातलंस ते कुठलं?"

"डिस्टिल्ड वॉटर, मॅडम. लॅबमधल्या नळाच्या बरणीतलं."

"नक्की? बाहेरचं वगैरे नाही?"

हिमांशू किंचित हसला. "एक थेंबही बाहेरचा नाही. माझ्या शेजारच्यांना विचारा, सगळ्यांसमोर भरलंय. नियम आहे तसा."

"छान," मॅडम म्हणाल्या. "तुझीही वॉश बॉटल इथं आणून ठेव. आणि टेबलावरचा फ्लास्क तसाच राहू दे."

फ्लास्क तसेच होते सगळ्यांचे. त्या उन्हाळ्यात प्राचार्यांचा हुकूमच होता की बेसिनमध्ये काही ओतायचं नाही. पातळ केलेली, उरलेली द्रावणं प्रत्येकाच्या जागेवर, नाव लिहून, झाकण लावून उभी होती.

हिमांशू बाहेर गेल्यावर सर म्हणाले, "आता पटलं? एकाला सगळं सांगता येतं आणि एकीला पाणी कुठलं तेसुद्धा सांगता येत नाही."

"तेच तर मला खटकतंय," मॅडम म्हणाल्या. "मुकुंद सर, चुकलेल्यांची उत्तरं वाचलीत का तुम्ही?"

"चुकलेली उत्तरं कशाला वाचायची?"

"मग आता वाचा."

४

सर वाचू लागले आणि वाचता वाचता त्यांचा आवाज खाली आला.

सगळ्यांची उत्तरं खऱ्या आकड्यापेक्षा जास्त होती. एकाचंही कमी नव्हतं. आणि जास्त म्हणजे तरी किती, तर जवळजवळ सगळ्यांचं सारखंच जास्त.

"पोरं चुकतात तेव्हा आपापल्या पद्धतीनं चुकतात," मॅडम म्हणाल्या. "एक घाईनं थेंब जास्त सोडतो, एक खूण ओलांडतो, एकाची बेरीजच चुकते. चुका अशा रांगेत उभ्या राहत नाहीत. म्हणजे चूक पोरांची नाही, त्यांना आपण दिलेल्या कशाची तरी आहे."

"सिल्व्हर नायट्रेट मी स्वतः बनवलंय! चांगल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये, गेल्या आठवड्यात."

"ते बिघडलेलं असतं तर या दोघांचीही उत्तरं बिघडली असती. ब्युरेट सगळ्यांची त्याच बाटलीतून भरली." मॅडम उठल्या. "राहिलं पाणी."

लॅबच्या कोपऱ्यात ती मोठी काचेची बरणी होती. मॅडमनी स्वच्छ परीक्षानळीत तिच्यातलं थोडं पाणी घेतलं आणि वरून सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडले. डिस्टिल्ड वॉटर असतं तर नळी काचेसारखी नितळ राहिली असती. पण पाणी एकदम दुधाळ झालं. त्यात भरपूर क्लोराइड होतं. घरच्या बोअरच्या पाण्यात असतं तसं.

"फकिरा!" सर ओरडले.

फकिरा लॅबमधला मदतनीस, रोजंदारीवरचा. तो पाटी टाकून धावत आला आणि दुधाळ नळी बघून चेहऱ्यावर काहीच न उमटता उभा राहिला.

"फकिराभाऊ, या बरणीत पाणी कुठलं?" मॅडमनी विचारलं.

"जारचं हाय जी. हाफिसात प्यायला येतो ना, फिल्टरचा."

"डिस्टिल्ड का नाही भरलं?"

"ते यंत्र बंद ठिवलंय. येक लिटर पाणी काढाया धा बादल्या गटारात जात्यात, म्हून प्रिन्सिपल साहेबानंच बंद कराया लावलं. सकाळच्याला बरणी मोकळी दिसली. परीक्षा तोंडावर. म्हणलं, इकत घेतल्यालं पाणी हाय, फिल्टरचं, सीलबंद. ते काय वाईट असतंय व्हय? आपल्या गटारीच्या यंत्रापरीस बरंच असंल."

दोघाही शिकलेल्या माणसांनी दुधाळ नळीकडे पुन्हा पाहिलं. त्या वर्षी शहरात गल्लोगल्ली जारवाले झाले होते आणि सील फोडून कुणीच आत बघत नव्हतं. सरही तेच पाणी घटाघटा पीत होते.

"तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"इचारलं नाय कुणी."

फकिराला बाहेर पाठवून मॅडम खिडकीशी उभ्या राहिल्या. मुकुंद सरांच्या डोक्यात मात्र आता प्रकाश पडला होता, आणि तो त्यांना अजिबात आवडला नव्हता.

"मॅडम, बरणीतल्या पाण्यानं प्रयोग केला तर खरं उत्तर येणंच शक्य नाही."

"नाही."

"मग ज्यांचं खरं उत्तर आलं त्यांनी ते प्रयोगातून काढलंच नाही."

"पुढं बोला."

सरांनी रुमालानं मान पुसली. "म्हणजे दोघंही चोर."

५

"तसं दिसतंय खरं," मॅडम म्हणाल्या. "बोलवा दोघांना."

हिमांशू आणि राजनंदिनी टेबलापुढं उभे राहिले. टेबलावर दोन वॉश बॉटल, दोन कोऱ्या परीक्षानळ्या. मॅडमनी आधी हिमांशूच्या बाटलीतलं पाणी एका नळीत पिचकारलं आणि त्यावर सिल्व्हर नायट्रेट सोडलं. नळी दुधाळ झाली.

हिमांशूला त्यात काय आहे ते कळलं. हुशार होता, क्षणात कळलं.

मग राजनंदिनीच्या बाटलीतलं पाणी दुसऱ्या नळीत. पुन्हा थेंब. सर पुढं वाकले. एक थेंब, आणखी एक, आणखी एक. नळी नितळ ती नितळच.

"हे पाणी बरणीतलं नाही," मॅडम म्हणाल्या. "पोरी, आता तरी सांग. कुठून आणलंस?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

तेवढ्यात दार ढकलून फकिराच आत आला. तो गेलाच नव्हता, दाराला कान लावून होता. "ती नाय सांगायची. म्या सांगतो. यशीचं पाणी हाय ते."

"कशाचं?"

"ते महागाचं तपासणीचं यंत्र हाय ना, त्या खोलीतल्या यशीचं. मागल्या बोळात नळी गळती. पोरींच्या हॉस्टेलला टँकर येतोय का न्हाय त्याचा भरवसा नाय. ही पोरगी सांजच्याला येऊन तिथं कॅन लावून जाती. म्या रातीचा यशी बंद करत नाय. तेवढीच त्यांची कापडं निघत्यात. आता काढा मला कामावरून."

"मामा, कशाला वो सांगितलं!" राजनंदिनी एकदम रडायलाच लागली. "मॅडम, त्यांचा काई दोष नाय. मीच म्हणलं होतं, एसी चालू राहू द्या म्हणून."

मग सगळं बाहेर आलं. सकाळी वेळ झाला म्हणून तिनं भरलेला कॅन जिन्याखाली ठेवला होता. परीक्षेत सिल्व्हर नायट्रेट भरलेल्या ब्युरेटचं टोक बाटलीतल्या पाण्यानं धुताना तिथं पांढरं दिसलं. पाण्यात काहीतरी आहे हे तिला समजलं.

"मग हात का नाही वर केलास?" मॅडम जरा चिडूनच म्हणाल्या. "सगळी बॅच चुकत होती!"

"मला वाटलं माझीच बाटली घाण असंल." ती डोळे पुसत म्हणाली. "समद्यांचं पाणी खराब कसं असंल? म्हणून बाहेर गेले. बेसिनला पाणी नव्हतं, मग कॅनमधल्या पाण्यानं बाटली धुतली अन् तेच भरून घेतलं. वाफेचंच पाणी ना ते, मॅडम. डिस्टिल्डच."

"डिस्टिल्डच," मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या.

"पण पुरावा?" सर चिवट होते. "पाणी चांगलं होतं म्हणून लिफाफा हिनं पाहिलाच नाही असं होत नाही."

"बरोबर आहे तुमचं. म्हणूनच ते फ्लास्क राखून ठेवलेत."

मॅडमनी एप्रन चढवला. स्टँडला ब्युरेट लावलं आणि आधी राजनंदिनीच्या उरलेल्या द्रावणावर तोच प्रयोग स्वतः केला. खोलीत फक्त थेंबांचा आवाज होता. पिवळं, पिवळं, आणि मग विटकरी. मॅडमनी आकडा सरांना वाचायला लावला. तिच्या कागदावर होता तोच.

मग हिमांशूचा फ्लास्क. सिल्व्हर नायट्रेट पडत राहिलं, त्याच्या कागदावरचा आकडा मागं पडला आणि द्रावण पिवळंच होतं. ते विटकरी झालं तेव्हा ब्युरेट बाकी सगळ्या बॅचच्या आकड्यापाशी येऊन थांबलं होतं.

"तुझ्या फ्लास्कमधून तुझं उत्तर निघत नाही, हिमांशू," मॅडम म्हणाल्या. "मग ते निघालं कुठून?"

त्यानं एप्रनची बटणं काढली. मग म्हणाला, "मी फक्त खात्रीसाठी पाहिलं होतं. सर चहाला गेले तेव्हा. प्रयोग मी खराच केला, मॅडम. पण आकडा जास्त आला. मला वाटलं माझंच चुकलं. आणि माझं चुकून चालत नाही. घरी चालत नाही, इथं चालत नाही. म्हणून मग लिफाफ्यातला लिहिला."

मुकुंद सर खुर्चीत बसले. हा मुलगा त्यांनी घरच्यासारखा वागवला होता, आणि त्यांना खरंच लागलं.

६

माणूस सावरला की आधी कॉलेजची अब्रू आठवते. सरांनाही आठवली.

"मॅडम, मी काय म्हणतो," ते हळू आवाजात म्हणाले. "हे इथंच मिटवू. पाणी आपलंच खराब होतं. सगळ्यांना सरासरी गुण देऊन टाकू. कुणावर केस नको, वर कळवायला नको. हिमांशूचं आयुष्य आहे. हिचंही भलंच होईल, चोरीचा ठपका जाईल. काय गं राजनंदिनी? बरे गुण पडतील."

मॅडमनी मुलीकडे पाहिलं. नोकरीला सरासरी गुणही पुरले असते, हे तिला ठाऊक होतं. विभागप्रमुखाला नाही म्हणायचं म्हणजे काय, हेही ठाऊक होतं.

"मला सरासरी नको, सर," ती म्हणाली. "माझं बरोबर आलंय."

"अगं, पण..."

"बरोबर आलंय, सर. तुमीच वाचला आकडा."

मॅडमनी कागद पुढं ओढला आणि लिहायला घेतलं. झालं तसं सगळं विद्यापीठाला कळवायचं, बॅचची परीक्षा नव्या पाण्यानं पुन्हा, हिमांशूचा निर्णय तिकडचे लोक घेतील. राजनंदिनीचे गुण पूर्ण, आणि तिची परीक्षा झालेली आहे. फकिराचं नाव त्यांनी कुठंच लिहिलं नाही. सर काही बोलणार तेवढ्यात त्या मान न उचलता म्हणाल्या, "तपासणीच्या यंत्राला गारवा लागतोच, सर. एसी रात्री चालू राहिला तर यंत्राचं भलंच आहे."

सरांनी सही केली.

"जा आता," ते राजनंदिनीला म्हणाले. "सुटलीस."

ती हलली नाही.

"आता काय राहिलं?"

"सर, चोर म्हणालात ते तुमी समद्यांसमोर म्हणालात." तिनं व्हरांड्याकडे बोट केलं. "मी बाहेर गेले अन् मीच सांगितलं की माझं बरोबर होतं, तर कोण खरं मानल? तुमी सांगा. तितंच."

मुकुंद सरांचा चेहरा लाल झाला. कालिंदी मॅडमना वाटलं, आता फुटतील. फकिरा भिंतीला चिकटला. पण सर रागावले नाहीत. ते उठले, शर्ट नीट केला आणि दार उघडलं. उन्हाच्या झळा आत आल्या. व्हरांड्यातली सगळी पोरं ताठ उभी राहिली.

"ऐका रे," सर म्हणाले. "राजनंदिनीचं उत्तर बरोबर आहे. तिनं ते स्वतः काढलंय. मघाशी मी जे म्हणालो ते चूक होतं."

आवाज जेमतेम पुढच्या ओळीपर्यंत गेला असेल. मागून कुणीतरी धीर करून म्हणालं, "सर, इकडं ऐकू नाही आलं."

मुकुंद सरांनी वळून राजनंदिनीकडे पाहिलं. ती दाराशी उभी होती, आणि आता तिची मान खाली नव्हती.

त्यांनी घसा साफ केला आणि पुन्हा पहिल्यापासून, मोठ्यांदा सांगितलं.